गॅट्सबीच्या शर्टांपाशी डेझी का रडते?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठ-दहा जण जमतो आणि एकेक कादंबरी महिनाभर पुरवून वाचतो. सध्या फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' चालू आहे, आणि पाचव्या प्रकरणापाशी आम्ही अडलोय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२२ चा उन्हाळा, न्यूयॉर्कला लागून असलेलं लाँग आयलंड. पहिलं महायुद्ध संपून चार वर्षंही झालेली नाहीत. गॅट्सबी हा अफाट पैसेवाला तरुण, त्याच्या बंगल्यावर उन्हाळाभर पार्ट्या. दर शुक्रवारी शहरातून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात आणि सोमवारी रस काढलेल्या सालींचा ढीग मागच्या दारानं बाहेर जातो. युद्धावर जाण्याआधी ज्या मुलीवर त्याचा जीव जडला ती डेझी आता टॉम ब्यूकॅननची बायको आहे आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर राहते. पाच वर्षांनी ती त्याच्या घरी येते. तो तिला खोली न् खोली दाखवतो, शेवटी कपाटं उघडतो आणि शर्ट काढून एकामागून एक टेबलावर फेकत सुटतो. लिनन, रेशीम, फ्लॅनेल, पोवळ्याच्या रंगाचे, हिरवे, जांभळट, नारिंगी. डेझी त्या ढिगात डोकं खुपसून हमसून रडते. म्हणते, इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिलेच नव्हते, म्हणून वाईट वाटतंय.

आमच्यातल्या एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी इथं पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "तो मिरवतोय, ही भुलतेय. ह्यात समजून घ्यायचं काय आहे?" मला चटकन उत्तर देता आलं नाही आणि ते आठवडाभर लागून राहिलं.

फळ्यावर मी चौदा वर्षं 'युद्धोत्तर भ्रमनिरास, चंगळ, वास्तवापासून पळ' असं लिहीत आलोय. पण कादंबरीत युद्ध शोधायला गेलं तर जेमतेम दोन-तीन पानं. पार्ट्यांचं मात्र सगळं बैजवार. जर ही माणसं युद्ध विसरायला पैसा उधळतायत असं म्हणायचं, तर ते युद्ध पुस्तकात नेमकं आहे कुठं? परीक्षेचं उत्तर नको आहे, ते माझ्याकडे आहे. कुणाला खरोखर काही दिसलं असेल तर सांगा.

रविवारची_दुपार

सर, स्पष्ट लिहितो. मला वाटतं युद्ध फार नाहीच, आणि ते शोधायचा हट्टही धरू नये. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली, दीड वर्षात सगळं आटोपलं. त्यांची माणसं गेली साधारण १ लाख १६ हजार, त्यातही निम्म्याहून जास्त आजारानं. फ्रान्सची तेरा लाखांहून जास्त. ज्या देशानं खरोखर सोसलं त्याच्याबद्दल 'जखम' म्हणा.

गॅट्सबीचा पैसा कुठून आला ते पुस्तकात सरळ आहे. जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू, आणि औषधाच्या दुकानांतून डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की विकायला परवानगी. गॅट्सबी आणि त्याच्या जोडीदारानं गल्लीबोळातली अशी दुकानं घेतली आणि दारू विकली. टॉम ते सगळ्यांसमोर उघड करतो. काळा पैसा आला की माणूस मिरवतो. त्यासाठी रणांगणावर जावं लागत नाही. तुमच्या बँकेतल्या बाईंनी बरोबर पकडलंय.

काजबटण

सर, मी साहित्य शिकलेली नाही, बी.कॉम. आहे. पण ही कादंबरी तीनदा वाचली आहे, पहिल्यांदा डिक्शनरी मांडीवर घेऊन. आणि मला त्यात युद्ध दिसतं ते कपड्यांत.

कारण सांगते. माझे वडील टेलर. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका गाळ्याचं दुकान, दोन मशिनी आणि एक कापायचं टेबल. आमचा जिल्हा मिलिटरीचा, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण गेले ते परत आलेच नाहीत. त्यामुळे आण्णांचं अर्धं गिऱ्हाईक फौजेतलं. सुट्टीवर आलेले जवान ड्रेस अल्टर करायला यायचे आणि पेन्शनीवर आलेले सिव्हिल कपडे शिवायला. मी सातवीपासून शाळा सुटली की दुकानात काजं करायला बसायची.

पेन्शनीवर आलेला माणूस पहिल्यांदा यायचा तो बहुतेक जुन्या हिरव्या शर्टातच. दंडावरच्या फिती काढून द्या म्हणायचा. आण्णा ब्लेडच्या कोपऱ्यानं एकेक टाका उचलायचे, कापडाला ओढ न लागता. फीत सुटली की खाली तिच्याच आकाराची जागा दिसायची, गडद, कोरी करकरीत. बाकीची बाही उन्हानं आणि धुण्यानं विटलेली. आणि त्या गडद जागेच्या कडेनं सुईच्या भोकांची बारीक रांग. ती खूण धुऊन जात नाही, इस्त्रीनंही जात नाही. पुष्कळ जण त्या जागेवरून अंगठा फिरवायचे.

मग आण्णा विचारायचे, "शर्टाला कुठला रंग दाखवू?" इथं माणूस अडायचा. वीस-बावीस वर्षं ज्यानं सकाळी उठून कपडा निवडलेलाच नाही, त्याला कापडाच्या ताग्यांपुढं उभं केलं की तो घाबरायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक हवालदार होते, नाव लिहीत नाही, त्यांनी एकदम नऊ शर्ट टाकले. नऊ रंगांचे. पिवळा, गुलाबी, चौकडीचा, सगळं. बरोबर त्यांची बायको होती, ती म्हणाली, "अहो, एवढे कशाला?" ते काही बोलले नाहीत. मापं देताना हात सरळ खाली, टाचा जुळवलेल्या, अटेन्शनमध्ये. नंतर रस्त्यात भेटायचे तेव्हा त्यातले दोनच आलटूनपालटून अंगावर दिसायचे.

पुढं कॉलेजात असताना पुस्तकात शर्टांचा प्रसंग आला तेव्हा मला हवालदारच आठवले. आणि मग मी मागं जाऊन गॅट्सबीचे कपडे शोधत गेले.

सतराव्या वर्षी तो सुपीरियर सरोवराच्या काठी फाटक्या हिरव्या जर्सीत भटकतोय. नाव जेम्स गॅट्झ, शेतकऱ्याचा पोरगा. डॅन कोडी हा श्रीमंत म्हातारा त्याला आपल्या बोटीवर कामाला ठेवतो आणि ड्युलुथ गावी नेऊन आधी काय करतो? त्याला निळा कोट, सहा पांढऱ्या पँटी आणि टोपी घेऊन देतो. म्हणजे हा मुलगा नवा माणूस झाला तो दुसऱ्यानं दिलेल्या कपड्यांत. कोडीनं मरताना त्याच्या नावे ठेवलेले २५ हजार डॉलर त्याला मिळतच नाहीत. कपडे तेवढे मिळाले.

मग १९१७. लुईव्हिल गावाजवळ कॅम्प टेलर, हा लेफ्टनंट. छावणीतले इतर अधिकारी डेझीच्या घरी जातात त्यांच्याबरोबर हा पहिल्यांदा जातो. इथं मला वाटतं लेखकानं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टाकलंय. युनिफॉर्म म्हणजे त्याच्या अंगावरचा न दिसणारा झगा आहे, तो कुठल्याही क्षणी खांद्यावरून घसरू शकतो, अशा अर्थाचं. युनिफॉर्ममध्ये सगळे अधिकारी सारखे. बाप कोण, जमीन किती, काही दिसत नाही. डेझीला वाटतं हा आपल्यासारख्याच घरातला. तो तसं वाटू देतो. शिंप्याच्या मुलीला हे लगेच समजतं. अख्ख्या जगात एवढाच एक कपडा आहे जो गरिबाला आणि श्रीमंताला एकाच कापडाचा, एकाच शिलाईचा मिळतो.

मग युद्ध. आर्गॉनच्या लढाईनंतर हा मेजर होतो, पदकं मिळतात. आणि युद्ध संपल्यावर काय? त्याला ऑक्सफर्डला धाडतात, पाच महिने तो तिकडेच. तोवर जून १९१९ मध्ये डेझीचं लग्न होतं. हा परत येतो आणि सैन्यातल्या पगाराचे उरलेसुरले पैसे घालून लुईव्हिलला जातो. ती तिथं नाही, नवऱ्याबरोबर लग्नानंतरच्या प्रवासाला गेलीये. आठवडाभर हा त्या रस्त्यांवरून फिरतो आणि खिसा रिकामा झाल्यावर साध्या डब्यात बसून निघतो.

त्याच्या पुढचा तपशील पुस्तकाच्या अगदी शेवटाकडे येतो, गॅट्सबी मेल्यावर, आणि म्हणूनच तो निसटतो. वुल्फशाइम, तोच तो जोडीदार, सांगतो: हा पोरगा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा नुकता सैन्यातून सुटलेला मेजर होता, छातीभर पदकं, आणि युनिफॉर्मच घालून हिंडत होता कारण साधे कपडे घ्यायला पैसे नव्हते. दोन दिवस पोटात काही नव्हतं. जेवायला बसवला तर अर्ध्या तासात चार डॉलरहून जास्तीचं खाल्लं.

सर, आता शर्टांचं पान पुन्हा वाचा. ज्याच्याकडे एक सिव्हिल शर्ट नव्हता त्या माणसाचं हे कपाट आहे. तीन वर्षांत. विटांसारखे बारा-बारा शर्ट रचून ठेवलेत. आणि ते त्यानं स्वतः निवडलेलेसुद्धा नाहीत! इंग्लंडात एक माणूस ठेवलाय, तो दर हंगामाला कपडे निवडून पाठवतो. कोडीनं निवडले, मग सैन्यानं निवडले, आता हा इंग्लंडातला माणूस. ताग्यांपुढं उभं राहून आपल्याला काय आवडतं ते ह्याला कधी कळलेलंच नाही. हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं.

रविवारची_दुपार, पैसा दारूचा आहे हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण पैसा कुठून आला आणि शर्टच का घेतले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि मेलेल्यांचे आकडे लावून कुणाचं दुखणं मोठं ठरत असेल तर आमच्या दुकानात आलेल्या एकालाही दुखायला नको होतं. ते सगळे धडधाकट परतलेले.

आणखी एक गोष्ट, तिसऱ्यांदा वाचताना दिसलेली. त्या शर्टांवर निळ्या दोऱ्यानं नावाची अक्षरं भरलेली आहेत. जे. आणि जी. जे गॅट्सबी. पण जेम्स गॅट्झचीही तीच अक्षरं. त्यानं नाव बदललं, अक्षरं तीच ठेवली. भरतकाम उसवावं लागलं नसतं.

डेझी का रडते ह्याबद्दल एवढंच सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमनं तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिला. त्याच संध्याकाळी ती दारू पिऊन पलंगावर पडली होती, हातात एक पत्र. हार परत करा, माझा विचार बदलला म्हणा, असं रडत सांगत होती. तिला थंड पाण्यात बसवलं, पत्र पाण्यात भिजून तिच्या मुठीत त्याचा लगदा झाला. अर्ध्या तासानं हार गळ्यात होता. त्या वेळी ज्या माणसाकडे युनिफॉर्मशिवाय काही नव्हतं त्याच्याकडे आता हे सगळं आहे, आणि तिच्या गळ्यात तो हार आहेच. ती शर्ट चांगले म्हणून रडते असं मला एकदाही वाटलं नाही.

रविवारची_दुपार

ताई, वाचून गप्प झालो थोडा वेळ. तरी एक विचारतो. वुल्फशाइम हा जुगारी माणूस. १९१९ च्या बेसबॉल स्पर्धेचा निकाल विकत घेणारा म्हणून पुस्तकात त्याची ओळख आहे. त्याच्या शब्दावर एवढी इमारत उभी करायची?

काजबटण

त्याला त्या गोष्टीतून मिळवायचं काहीच नाही म्हणून मी विश्वास ठेवते. गॅट्सबी मेलाय, निक, म्हणजे ही गोष्ट सांगणारा, फक्त अंत्ययात्रेला चला म्हणून विनवायला आलाय. वुल्फशाइम येत नाही. पण उपाशी पोराला जेवू घातलं ते ताट त्याच्या लक्षात आहे, किमतीसकट. खोटं सांगणारा माणूस पदकांची गोष्ट फुगवेल, चार डॉलरची कशाला सांगेल?

क्वीन्सकर

काजबटण ताई, फार सुंदर. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एकोणीस वर्षं राहतोय, मूळचा मिरजेचा, म्हणून सांगलीचा धागा पाहून आत आलो. फक्त जागेबद्दल दोन शब्द.

कादंबरीत शहराच्या वाटेवर लागणारा राखेचा प्रदेश कल्पनेतला नाही. ब्रुकलिनच्या घराघरांतल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख रेल्वेनं आणून कोरोना-फ्लशिंगच्या दलदलीत टाकायचे, तिचे डोंगर झाले होते. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते सपाट करून तिथं मोठं उद्यान केलं, आता यूएस ओपन टेनिस त्याच आवारात होतं. फ्लशिंगच्या गणपती मंदिरात आम्ही चतुर्थीला जातो ते तिथून जवळच. फ्लशिंगहून लाँग आयलंड रेल्वेनं थोड्याच वेळात ग्रेट नेक येतं. फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ तिथं राहत होता, आणि गॅट्सबी राहतो ते वेस्ट एग गाव त्यावरूनच बेतलंय. शहरातून पार्टीला जाणाऱ्या प्रत्येकाला ह्या राखेतून जावं लागायचं. पूल उघडा असला की गाडी तिथं थांबायची, आणि उतारूंना ती राख बघत बसावं लागे. लेखकानं हे प्रवासातूनच उचललं असणार असं मला दर वेळी त्या गाडीत बसल्यावर वाटतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काजबटण ताई, तुमचं उत्तर काल शनिवारी मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बँकेतल्या बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं, एवढं सांगतो. मग आम्ही तुमच्या पद्धतीनं कपडे शोधत बसलो, रात्री साडेदहा वाजले.

राखेच्या प्रदेशात गॅरेज चालवणारा विल्सन. त्याची बायको मर्टल, जी टॉमच्या नादी लागलीये, ती सांगते की नवऱ्यानं लग्नात घातलेला सूट दुसऱ्याचा उसना आणलेला होता. तिला पत्ताच नव्हता, आणि एक दिवस तो माणूस सूट परत मागायला दारात आला. त्या दिवशी ती दुपारभर रडली. आणि टॉमकडे ओढली गेली ती कशानं? गाडीत तो समोर बसला होता, अंगावर झकास सूट, चकचकीत बूट. मी हे दरवर्षी शिकवतो आणि मर्टलच्या त्या रडण्यापाशी आजवर कधी थांबलो नव्हतो.

पार्टीतला एक तपशील आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं काढला, ती बारावीला आहे. एका पार्टीत एका पाहुणीचा गाऊन खुर्चीला अडकून फाटतो. गॅट्सबी तिचं नाव-पत्ता विचारून घेतो आणि आठवड्याच्या आत तिच्या घरी नवा गाऊन येतो, २६५ डॉलरचा. आणि पाहुण्यांची ती लांबलचक यादी, जी निक जुन्या वेळापत्रकाच्या कडेला लिहून ठेवतो, तिच्यात नावांच्या गर्दीत एक तरुण आहे ज्याचं नाक युद्धात गोळी लागून गेलं. अर्धं वाक्य. पुढच्याच नावाला लेखक निघून जातो. मी त्या मुलीला म्हटलं, हे मला कधी दिसलंच नाही. ती म्हणाली, सर, तिथं सगळे नाचत असतात ना.

आता पुढचा प्रश्न. ताईंच्या उत्तरावरून मला वाटतं, गॅट्सबीचा पळ मागं आहे, १९१७ कडे. त्याला मधली पाच वर्षं पुसून हवी आहेत. डेझीनं टॉमला 'तुझ्यावर माझं कधी प्रेमच नव्हतं' असं म्हणावं हा त्याचा हट्ट त्याचसाठी. पण त्याच काळातल्या दुसऱ्या पुस्तकांतले लोकही असेच मागं पळतात का?

जुना_वाचक

मी ह्या धाग्यावर तीन दिवस नुसता वाचत होतो. निवृत्त ग्रंथपाल आहे, पुण्यात असतो.

आधी आकडा, कारण २६५ डॉलरनं मला अस्वस्थ केलं. त्या युद्धात अमेरिकेच्या साध्या शिपायाला महिना ३० डॉलर पगार होता. सेवेतून सुटताना सरकारनं हातावर ६० डॉलर ठेवले. म्हणजे तो गाऊन जवळजवळ नऊ महिन्यांच्या पगाराचा. घरी राहिलेल्यांनी कारखान्यांत भरपूर कमावलं आणि आम्ही मागं राहिलो ही शिपायांची तक्रार होती. १९२४ साली त्यांना भरपाई देणारा कायदा झाला, पण त्यातली बहुतेकांची रक्कम १९४५ मध्ये मिळायची होती. मंदीत १९३२ मध्ये हेच लोक ती आत्ता द्या म्हणून बायकापोरांसह वॉशिंग्टनला जमले, तेव्हा सैन्य लावून त्यांना हुसकलं.

सरांच्या प्रश्नाकडे येतो. हेमिंग्वेची 'द सन ऑल्सो रायझेस' १९२६ ची. पॅरिस आणि स्पेनमध्ये पीत, भांडत, बैलांच्या झुंजी पाहत हिंडणारी माणसं. मागं पळायला त्यांना जागाच नाही. सांगणारा जेक बार्न्स युद्धात अशा जागी जखमी झालाय की प्रेम करूनही त्याला ब्रेटबरोबर संसार करता येणार नाही. ब्रेट युद्धात परिचारिका होती. ही माणसं आजची रात्र कशी काढायची एवढंच बघतात. बिल कुणी द्यायचं हे मात्र जेक बारकाईनं मोजतो, ते तुम्ही लक्ष देऊन वाचा.

त्यात माइक कॅम्पबेल आहे, ब्रेटचा होणारा नवरा, दिवाळखोर. तो हसत हसत एक किस्सा सांगतो. लंडनला मोठी मेजवानी होती, राजपुत्र येणार म्हणून पदकं लावून या असं निमंत्रण. माइकनं आपली पदकं कधी मागवलीच नव्हती. तो शिंप्याकडे गेला. शिंप्यानं दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याची, साफ करायला ठेवलेली, पदकं पेटीसकट ह्याला देऊन टाकली. त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटिश फील्ड मार्शल हेन्री विल्सनची हत्या झाली, म्हणून राजपुत्र आला नाही आणि पदकं कुणीच लावली नाहीत. पेटी खिशातच राहिली. पुढं नाइट क्लबमध्ये माइकनं ती पदकं कापून मुलींना वाटून टाकली. ज्याची होती तो माणूस त्यांना जिवापाड जपायचा. शिंप्याची पत्रं महिनोन्महिने येत राहिली.

सर, फील्ड मार्शल विल्सन यांची हत्या २२ जून १९२२ ला झाली. गॅट्सबीच्या गोष्टीचाच हा उन्हाळा. तिकडे गॅट्सबी गाडी चालवता चालवता खिशातून माँटेनेग्रोचं पदक काढून निकच्या हातात ठेवतो, आपण खरे आहोत हे पटवायला, आणि निक चकित होतो कारण ते अस्सल दिसतं. इकडे माइकच्या खिशात दुसऱ्याचं पदक. लेखक दोन, एकमेकांचे स्नेही, आणि दोघांनाही युद्धातून परतलेला माणूस दाखवताना खिसाच आठवला.

काजबटण

काका, हा किस्सा मला ठाऊक नव्हता. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. माइकचा राग आला, पण त्याहून जास्त त्या लंडनच्या शिंप्याचा. गिऱ्हाईकानं दुकानात टाकलेली वस्तू ही ठेव असते. पावतीचा तुकडा असो-नसो. दुसऱ्याच्या गळ्यात ती घालायचीच कशी?

आण्णा खिसे तपासल्याशिवाय कपड्याला कात्री लावत नसत. निघालेली चिल्लर, रेल्वेचं तिकीट, एकदा तर मनीऑर्डरची पावती, सगळं कागदात गुंडाळून वर नाव लिहून ठेवायचे. आणि त्या फिती. उसवलेली फीत ते कधी टाकून देत नसत. उरलेले दोऱ्याचे तुकडे नखानं एकेक काढायचे, फीत तळहातावर सपाट करायचे, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून शर्टाच्या घडीत आत सरकवून द्यायचे. काही जण नको म्हणायचे, "कशाला आता, ठेवा तुमच्याकडं." आण्णा वाद घालत नसत. पुडीवर नाव आणि गाव लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. त्यातले काही जण वर्षा-दोन वर्षांनी यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, चहा घ्यायचे, आणि निघता निघता विचारायचे, "ती पुडी हाय का हो अजून?"

दुकान विकून सहा वर्षं झाली. मशिनी दिल्या, टेबल दिलं. डबा माझ्याकडे कोरेगावला आहे. तुमचं उत्तर वाचून काल रात्री उघडला. अकरा पुड्या आहेत. नऊ शर्टवाल्या हवालदारांची त्यात आहे, देऊर गाव लिहिलेलं, आण्णांच्या अक्षरात. देऊर इथून लांब नाही. रविवारी जाऊन त्यांच्या घरचं कुणी भेटतंय का बघते.